एकाला जुनं, एकाला नवं

आमच्या गावात रक्त न सांडता बेंदूर पार पडला, असं माझ्या लहानपणी क्वचितच घडलं. वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. काळी जमीन, ऊस, आणि घरटी एक माणूस पलटणीत. माणसं कष्टाळू आणि जिवाला जीव देणारी होती, पण मानाचा प्रश्न निघाला की आधी डोकी फुटायची आणि बोलणं मागाहून व्हायचं.

हा मान काय, ते सांगितलं पाहिजे. बेंदराच्या दिवशी वेशीत आडवा दोर बांधतात. केकताडाच्या वाखाचा जाड पीळ आणि त्यात खोवलेली पिंपळाची पानं. त्याला कर म्हणतात. दिवस कलला की रंगवलेली, घुंगरमाळा घातलेली बैलं हलगीच्या ठेक्यावर वेशीकडं सोडायची आणि पहिल्या बैलानं शिंगानं तो कर तोडायचा. पहिला बैल कुणाचा, यावर सगळं. आमच्या भावकीत दोन पात्या, म्हणजे दोन शाखा. थोरल्या पातीचा बैल पुढं, धाकट्या पातीचा मागं. थोरल्या पातीचे कर्ते माझे थोरले चुलते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. धाकट्या पातीचे कर्ते आबांचे चुलतभाऊ, त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. तात्यांचं म्हणणं असं, की पणजोबाच्या दोन बायकांपैकी त्यांची पणजी आधी नांदायला आली, तेव्हा खरी थोरली पाती त्यांची. ती पणजी मरून किती काळ लोटला होता कोण जाणे, पण तिच्या लग्नाचा निकाल दरसाल काठ्यांनी लागत होता.

मी थोरल्या पातीतला. वडील मला आठवतही नाहीत. आबांनी मला वाढवलं. इस्लामपुरात शाळेत घातलं, पुढं सांगलीला कॉलेजात धाडलं. मी बी.एस्सी. झालो. दोन्ही पात्या धरून कॉलेजचा उंबरा ओलांडलेला मी पहिला. हे मी लाजत सांगत नाही. ज्या घरात सही म्हणजे अंगठा होता, त्या घरातून मी आलो आणि सांगलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांचा मदतनीस झालो.

डॉक्टर मुंबईत शिकून आलेले, सडपातळ, चिडके, पण हाताचे हलके. त्यांचा एकच ध्यास, बुबुळावरची जखम. आमच्या भागात उसाचं पान डोळ्यात जायचं, बाजरीचं कुसळ जायचं, कुंपण घालताना काटा लागायचा. बुबुळावरचा काचेसारखा पडदा ओरखडला जायचा, त्यात पू धरायचा, आणि जखम भरली तरी मागं पांढरा डाग राहायचा. लोक त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. असली फुलं घेऊन भिंतीला धरून चालणारी माणसं गावोगाव होती.

जुना उपचार म्हणजे थेंब, शेक आणि कार्बोलिकमध्ये बुडवलेल्या काडीनं जखमेला चटका. नवं औषध सल्फाचं. गोळ्या पोटात आणि तीच पूड डोळ्यात. जर्मन-जपानच्या लढाईमुळं ते बेताचंच मिळायचं. नवं चांगलं की जुनं, हे खात्रीनं कुणालाच माहीत नव्हतं. नव्या गोळ्यांनी एकाला रक्ताची लघवी झाली होती, तेव्हापासून रोगीही त्या गोळ्यांना भीत. डॉक्टरांनी नियम घातला. पुवानं भरलेल्या बुबुळाचा रोगी दारातून आत आला, की ओळीनं एकाला जुनं, दुसऱ्याला नवं. आपला-परका नाही, गरीब-श्रीमंत नाही. "एकदा का आपण माणूस बघून औषध दिलं," ते म्हणायचे, "की औषधानं काय केलं ते कधीच कळणार नाही. मग हे सगळे डोळे फुकट गेले समजा." दारात उभं राहून पाळी सांभाळायची, हे माझं काम.

त्या साली बेंदराला मी गावी गेलो होतो. ती वर्षंच तशी होती. तालुक्यात एक सरकार गोऱ्यांचं आणि त्याला न जुमानणारं दुसरं. पोलिसांच्या लाठ्या, फितुरांच्या तळपायांना ठोकलेल्या पत्र्या, या गोष्टी माणसं चहा पिता पिता सांगायची. दोन पात्यांत मारामारी झाली तर तिचं कोणाला काय!

हलगी घुमत होती. आबांनी आपला पांढरा खिलार पुढं काढला. शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग. वेस हाकेवर आली आणि तात्यांनी बगलेतून आपला बैल मधी घातला.

"मागं घे, तात्या!" आबा ओरडले.

"आबा, तुमी बाजूला व्हा. न्हाईतर टाळकं फोडीन तुमचं."

तात्या आबांहून वयानं लहान. डोकं फोडायची भाषा करतानासुद्धा ते 'तुमी'च म्हणायचे. त्यांचं हे मला नेहमी नवल वाटे.

मग काठ्या चालल्या. कुणाची काठी कुणावर, हे बघायला सवड नव्हती. बैलं बुजली. एकाच्या कासऱ्यात एका पोरगेल्या गड्याचा पाय गुंतला आणि तो फरफटत गेला. माझ्या शेजारच्या माणसाच्या कानातून रक्ताची धार लागली आणि तो ती पुसायचं सोडून शिव्या देत राहिला. आबांनी तात्यांची कंबर धरली, तात्यांनी आबांच्या गळ्यात हात घातला, आणि दोघं एकमेकांना न सोडता वेशीलगत तात्यांच्या रानाला घातलेल्या बाभळीच्या कुंपणात कोसळले. वाळलेल्या फांद्यांचं शिरं, बोटाएवढे काटे. तरी तिथंही गुद्दे चाललेच होते. माणसांनी पाय धरून ओढून काढलं, तेव्हा दोघांची तोंडं रक्तानं भरलेली. आबांचा उजवा डोळा मिटलेला. तात्यांचाही उजवाच. कर त्या गोंधळात कुणाच्या तरी खांद्यानं तुटून चिखलात पडला होता, आणि दोन्ही बैल वेशीबाहेर जाऊन शांत चरत होते.

आबांचा डावा डोळा लहानपणी देवीत गेलेला. पांढरं फूल, काही म्हणता काही दिसत नव्हतं. उजवा तेवढा एक. मी सकाळी सांगलीला निघताना त्यांच्या पुढ्यात बसलो. "आबा, माझ्यासंगं चला. आजच."

"खरचटलंय रं जरा. डोळा हाय, मेणाचा न्हाई."

"काटा लागलाय. पू धरंल."

"तू तिथं दुसऱ्यांची डोळं बघ. मी पडलो तर धाकटी पाती म्हणंल, आबानं अंथरूण धरलं."

हेच तात्यांच्या घरीही चाललं असणार. आबा अंथरूण धरीनात म्हणून तात्या धरीनात, तात्या धरीनात म्हणून आबा. दोन्ही घरी बाळंतिणीचं दूध डोळ्यात घातलं गेलं, कानशिलावर तापल्या सळईचा डाग दिला गेला. डागाची जखम चिघळली, डोळा सुजून मुठीएवढा झाला. शेवटी वेदना मानाहून मोठी झाली तेव्हा कुठं गाड्या जुंपल्या. एक जुंपलेली बघून दुसरी जुंपली.

सांगलीत शिरताना त्या दोन गाड्यांनी काय केलं, हे मला पुढं गाडीवानांनी सांगितलं. सगळी वाट दोन्ही गाड्या एकमेकींच्या मागं रांगत आल्या होत्या. सांगली दिसू लागली आणि तात्यांच्या गाडीवानानं बैलांच्या शेपट्या पिळल्या. आबा आतून ओरडले, "सोड! सोड! म्होरं घे!" डोळ्यातून पू गळतोय, अंगात ताप, आणि दोघं म्हातारे शर्यत लावून दवाखान्याकडं निघाले. वळणावर चाकाला चाक घासलं. तात्यांच्या गाडीवानानं आमच्या गाडीवानाच्या तोंडावर आसूड ओढला.

मी दारात उभा होतो. नुकतीच जत भागातली एक धनगरीण आत गेली होती. तिच्या डाव्या डोळ्यात जुनं फूल आणि उजव्या डोळ्याला मेंढराच्या शिंगाची ताजी जखम, पुवानं भरलेली. पाळीनं तिला नवं औषध आलं होतं. म्हणजे आता जो आत येईल त्याला जुनं.

गाड्या अंगणात शिरल्या. एका डोळ्याला फडकं, दुसरा आंधळा, अशा अवस्थेत आबा गाडीतून खाली उतरले नाहीत, पडले. पडले ते उठून दाराकडं हात पुढं करून धावले. तात्यांना आबा दिसत होते, आबांना तात्या दिसत नव्हते. पण पायांचा आवाज त्यांनी ओळखला. दारात दोघांचे खांदे एकमेकांना भिडले.

"पयला मी," आबा म्हणाले. "थोरली पाती म्होरं."

"आवं, दवाखाना हाय ह्यो, गावची येस न्हाई!" तात्या म्हणाले, आणि तरीही कोपर आबांच्या बरगडीत हाणलं. आबांनी चाचपून त्यांचं तोंड शोधलं आणि त्या सुजल्या डोळ्यावरच मूठ मारली. तात्यांची अशी किंकाळी फुटली की आतली धनगरीण बाहेर पळत आली. तात्या खाली बसले. आबा उंबऱ्याच्या आत.

मी त्यांचा हात धरला. माझ्या हाताला त्यांचा ताप लागला.

त्या घटकेला माझ्या मनात काय आलं, ते लोकांनी मला पुष्कळदा विचारलं आहे. तात्यांना आत घेतलं असतं आणि आबांना मागं ठेवलं असतं तर पाळी उलटली असती. बरोबर. पण तेव्हा नवं औषध तारणारं आहे हे मला कुठं ठाऊक होतं? मला ठाऊक होती ती रक्ताची लघवी. मी पाळी उलटवली असती आणि आबा त्या गोळ्यांनी मेले असते, तर? मी आत बघून डॉक्टरांना म्हणालो, "जुनं." मग बाहेर जाऊन तात्यांना उठवलं आणि म्हणालो, "नवं." माझं चुकलं, असं मी तेव्हा म्हणालो नाही आणि आज म्हणत नाही.

डॉक्टरांनी आबांच्या बुबुळाला कार्बोलिकचा चटका दिला तेव्हा मी त्यांचं डोकं धरलं होतं. डोळा बधिर केला होता, पण इतक्या सुजलेल्या डोळ्यात ते औषध पुरतं भिनत नाही. जळाल्याचा वास आला. आबा ओरडले नाहीत. त्यांनी टेबलाची कड इतकी गच्च धरली की नखं मुळापासून उलली. शेजारच्या टेबलावर तात्यांच्या डोळ्यात पूड टाकली जात होती.

"आबा, दुकतंय व्हय लय?" तात्यांनी तिकडून खिजवलं.

"तुझ्या कोपरापरास कमी," आबा म्हणाले.

आठवडा संपता संपता तात्यांच्या बुबुळामागची पुवाची रेघ उतरू लागली. धनगरणीचीही. आबांचा डोळा मात्र पाघळत गेला. डॉक्टरांनी पुन्हा चटका दिला, शेक दिले, स्वतः त्यांच्या उशाशी बसले. मी एकदा त्यांना म्हणालो, "आता नवं द्या." ते म्हणाले, "दिलंय. परवापासून देतोय. नियम पहिल्या उपचारापुरता होता, माणूस मारायला नव्हता." उशीर झाला होता. जखम भरली, आणि तिच्या जागी पांढराशुभ्र, कवडीसारखा पडदा आला. कडेनं थोडा उजेड शिरायचा, एवढंच. तात्यांच्या डोळ्यात मुगाएवढा डाग राहिला. बाकी सगळं दिसत होतं.

पुढच्या वर्षभरात असे पुष्कळ डोळे बघितले आणि सल्फाकडं झुकतं माप सरळ दिसू लागलं. डॉक्टरांनी पाळी बंद केली. आलेल्या सगळ्यांना नवं. दारातलं ते काम संपलं. माझ्या पिढीतली कितीतरी माणसं या भागात दोन्ही डोळ्यांनी बघत फिरली, त्यात माझ्या दारात उभं राहण्याचा वाटा आहे. हेही मी लाजत सांगत नाही.

आबांना मी गावी जाऊ दिलं नाही. सांगलीत माझ्या खोलीवर ठेवलं. सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचे आणि दिवसभर ओसरीच्या खांबाला टेकून बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय ऐकून गाव ओळखायचा त्यांना छंद लागला. "ह्यो तासगावचा. पाय घासत चालतोय." चुकले की स्वतःलाच शिवी हासडायचे.

हिवाळ्यात त्यांचा थोरला मुलगा, माझा चुलतभाऊ, पलटणीतून रजेवर आला. त्याला मी दादा म्हणायचो. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लढून आलेला, हाडापेरानं मजबूत, काळाकभिन्न गडी. त्याला सगळी हकीकत गावात कळली होती. तो ओसरीवर आला, बापाच्या डोळ्यापुढं हात हलवून बघितला, आणि मग माझ्याकडं वळला.

"काय रं बीयस्सी," तो म्हणाला. "दारात तू हुतास?"

"व्हय."

"कुणाला काय मिळणार ते तुला ठावं हुतं?"

"जुनं की नवं, ते ठावं हुतं. कुठलं तारणार, ते कुणालाच—"

वाक्य पुरं झालं नाही. त्यानं मला गळा धरून खांबावर आपटलं. माझा पुढचा दात पडला तो तेव्हा. दुसरा हात माझ्या पोटात गेला. "ज्यानं तुला शिकीवला, त्याला जुनं! आन् त्या तात्याला नवं!" माझ्या डोळ्यांपुढं काळं व्हायला लागलं तेव्हा आबांनी काठी उगारली आणि आवाजाच्या अंदाजानं हाणली. ती दादाच्या मनगटावर बसली.

"सोड त्याला. म्होरं जायची घाई मी केली हुती. त्यानं न्हाई."

"आबा, तुमास्नी दिसत न्हाई, म्हणून तुमी—"

"मला दिसत न्हाई, पर ऐकू येतंय. सोड."

दादानं सोडलं. माझ्याकडं बघून थुंकला आणि गेला. पण गेला तो मनात एक गाठ बांधून. ती गाठ माझ्यासाठी नव्हती, हे मला उशिरा कळलं.

त्याची रजा वाढली की तो आपणच परत गेला नाही, ते मला नीट ठाऊक नाही. बेंदराला तो गावातच होता. त्या साली मी सांगलीत राहिलो. पुढचं मी गावकऱ्यांच्या तोंडून ऐकलं, आणि पुढं कोर्टातही तसंच आलं.

कर्ता माणूस आंधळा, तेव्हा मानाचा बैल कोण धरणार, यावर गावात चर्चा झाली. गावकीनं ठरवलं की आबांचा मान राहू द्या, बैल त्यांचा मुलगा धरील. तात्यांनीही मान डोलावली म्हणतात. दादा खिलार घेऊन वेशीपाशी आला. हलगी चालू होती. तात्या बाजूला उभे. आणि त्यांना राहवलं नाही. सवय, दुसरं काही नाही.

"सांभाळून रं गड्या," ते मोठ्यानं म्हणाले. "आंधळ्याचा बैल, वाट चुकंल."

लोक हसले. दादानं कासरा सोडला. त्याच्या कमरेला ऊसतोडीचा कोयता होता. त्यानं धारेनं नाही, उलट्या बाजूनं मारलं. एकदा डोक्यात, आणि तात्या वाकले तेव्हा खालून वर, कानशिलावर. डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडल्याचा आवाज हलगीतूनही ऐकू आला, असं तिथल्या माणसांनी शपथेवर सांगितलं. मग दादा तिथंच चिखलात बसला आणि पोलीस येईपर्यंत उठला नाही. बैलानं आपल्याआपण जाऊन कर तोडला.

इस्लामपुरातून कोळशाच्या वायूवर चालणारी सर्व्हिस मोटार करून तात्यांना आणलं तेव्हा दिवस मावळत होता. आबा ओसरीवरच होते. मोटार थांबली, माणसं घोंगडी धरून उतरली, त्यांनी पाय ऐकले.

"आपल्या गावची हाईत," आबा म्हणाले. "कोण हाय घोंगडीत?"

माणसं घोंगडी घेऊन तशीच आत गेली.

तात्यांचा तोच डोळा होता, जो आम्ही वर्षापूर्वी वाचवला होता. मागच्या बाजूनं फुटला होता, आतलं पाणी वाहून गेलं होतं. डॉक्टरांनी दिवा धरून बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "काढावा लागेल. ठेवला तर पुढं चांगल्या डोळ्यालाही ओढून नेईल." मग त्यांची नजर दाराबाहेर, ओसरीवर गेली. "बुबुळाचा पडदा मात्र शाबूत आहे. कडेला तो मुगाएवढा डाग सोडला तर मधलं लख्ख आहे."

मला कळलं. दोन वर्षं ते सशांवर हेच करत होते. एका सशाच्या बुबुळाची बटणाएवढी चकती कापायची, दुसऱ्याच्या बुबुळात तेवढंच भोक पाडून तिथं बसवायची, आणि वरून डोळ्याचीच कातडी ओढून टाके घालायचे. परदेशात हे माणसांवर करतात, हे ते मासिकातून मला वाचून दाखवत. आबांच्या डोळ्याचा मागचा भाग चांगला होता. उजेड कळत होता. दार बंद होतं, घर शाबूत होतं.

"दोघांना विचारा," डॉक्टर म्हणाले. "माझ्या तोंडून नको. तुम्ही विचारा. वेळ फार नाही."

मी आधी तात्यांकडं गेलो. ते शुद्धीवर होते, दातखीळ बसल्यासारखे. मी सांगितलं. डोळा काढायचाच आहे, त्यातला एवढासा भाग आबांना बसवता येईल, बसेलच असं नाही.

तात्यांनी कण्हत मान माझ्याकडं वळवली. मग त्या रक्तातून हसल्यासारखं काहीतरी झालं. "दे त्यास्नी. माज्या डोळ्यानं तरी बघू दे म्हणावं, येशीत कोण म्होरं असतंय त्ये."

मी ओसरीवर आलो. आबांच्या पायाशी बसलो, लहानपणी बसायचो तसा. मला वाटलं होतं, नाव काढताच ते भडकतील. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. दिसेल का, विचारलं. मी म्हणालो, हात दिसेल, माणूस दिसेल, कदाचित काहीच नाही. त्यांना दिसायला हवं होतं. मी माझ्या आयुष्यात कुणाला इतकं हवंसं काही बघितलेलं नाही.

"तात्यानं सोताहून दिला?"

"व्हय, आबा."

"आन् फोडला कुणी?"

ते ओसरीवर बसूनच होते, तरी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, "दादानं."

ते खांबाला टेकले. आत तात्या कण्हत होते, ते आम्हा दोघांना ऐकू येत होतं.

"मग न्हाई," आबा म्हणाले.

"आबा, असा डोळा पुन्हा येणार न्हाई. डॉक्टर तयार हाईत. तात्या तयार हाईत."

"माज्या पोरानं कोयत्यानं डोळा काढला आन् बापानं त्यो घालून घेतला. गाव काय म्हणंल? बापासाठी डोळा आणाय गेला हुता, म्हणंल. आन् उद्या येशीत मी त्याच डोळ्यानं बघत हुबा ऱ्हाऊ?"

"गावाचं मरू द्या! तुमाला दिसंल!"

मी ओरडलो होतो. आबांपुढं जन्मात पहिल्यांदा. त्यांनी हात पुढं करून माझं तोंड चाचपलं, पडलेल्या दाताच्या जागी अंगठा थांबवला.

"तू तुझा नियम दारात मोडला न्हाईस," ते म्हणाले. "चुलता बघून बी मोडला न्हाईस. लय राग आला हुता मला तवा, खोटं सांगत न्हाई. रोज हितं बसून येत हुता. पर मोडला न्हाईस. आता माजा मी मोडू व्हय?"

डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. ते आत गेले, आणि मला हाक मारून विचारलं, ती जतची धनगरीण अजून सांगलीतच आहे ना? होती. जुन्या फुलासाठी दाखवायला आली होती, धर्मशाळेत उतरली होती. मी धावत गेलो आणि तिला घेऊन आलो. तिला काय करणार ते सांगितलं, कुणाचा ते सांगितलं. ती म्हणाली, "मेंढी मेली की कातडं आमी टाकत न्हाई. बसवा."

त्याच संध्याकाळी तात्यांचा डोळा निघाला आणि त्यातली चकती तिच्या डाव्या बुबुळात बसली. दोन्ही डोकी मी धरली.

पट्ट्या बांधलेले तात्या चार दिवसांनी ओसरीवर आले आणि भिंत धरून आबांशेजारी बसले. मी आत औषधं घोटत होतो.

"आबा, माजा डोळा चालला न्हाई व्हय तुमास्नी?"

"चालला असता. पर माज्या पोराच्या कोयत्यावरनं आला."

"आन् तुमचा माज्या कुंपणावरनं गेला, त्ये?"

"त्ये भांडण हुतं," आबा म्हणाले. "ह्ये भांडण न्हाई."

दोघं तसेच बसून राहिले. दादाला शिक्षा झाली, ती त्यानं भोगली. तात्यांनी कोर्टात एका शब्दानंही त्याला वाचवलं नाही आणि एका शब्दानंही वाढवून सांगितलं नाही. पात्यांचं बोलणं पुढंही बंदच राहिलं. बेंदराला काठ्याही पुन्हा निघाल्या.

धनगरणीची पट्टी सोडली त्या सकाळी आबा बाहेर खांबाला टेकून होते, मान आमच्याकडं वळवून. डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा झाकला आणि डाव्यापुढं तिचाच हात धरला. ती बघत राहिली. पुढं दोनेक महिन्यांत ती चकती गढूळ झाली, तेव्हाच्या बहुतेक सगळ्याच व्हायच्या. पण त्या सकाळी ती बघत होती.

"काय दिसतंय तिला?" बाहेरून आबांनी विचारलं.

"बांगड्या," मी म्हणालो.

"कसल्या?"

"हिरव्या."

आबांनी काठी उचलली, पायरी चाचपली, आणि मी हात द्यायच्या आत एकटेच अंगणात उतरले.